माणक्याचे दात लागलेले धसकट

मी एक जुने धसकट आहे. ज्वारी कापून नेल्यावर रानात जे वीतभर खोड उरते ना, ते. मित्रांनो, माझी भावंडे केव्हाच चुलीत गेली. मी मात्र उदगीरजवळच्या एका घरात आढ्याला खोचलेले आहे. कुणी कौतुकाने ठेवले असेल असे समजू नका. माझी गोष्ट सांगताना माझीच मान खाली जाते.

लातूर नुकताच जिल्हा झाला, त्या पावसाळ्यातली ही हकीकत. पेरणीच्या पाभरीवर त्या घरच्या बसलिंगप्पांचा हात होता आणि मागून त्यांची सून शिवम्मा बियाण्याची मूठ सोडत होती. औताला शेजारच्या भुजंगचा एक बैल आणि यांचा माणक्या. म्हणजे मला मातीत घातले ते माणक्यानेच. त्याचा ऊन श्वास माझ्यावरून गेला, तो मी विसरले नाही.

एक पाऊस पडला, मी उगवले, आणि मग पाऊस जो गेला तो गेलाच. मी गुडघ्याएवढे होऊन खुंटले. त्यातच आषाढात एका शेळीने माझा शेंडा खुडला.

मित्रांनो, तुमच्यावर कुणी धावून आले तर तुम्ही पळाल. आम्हाला मुळे असतात. म्हणून देवाने आमच्या पानांत दोन पुड्या वेगवेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. एकेकटीने काही होत नाही. पण दाताखाली पान चिरडले की दोन्ही मिसळतात आणि त्यांचे जहर होते. तहान आणि जखम वाढली की पुड्याही जास्त भरतात. शेळी गेल्यावर मी बुडातून जे फुटवे काढले ते हिरवेगार, लुसलुशीत आणि विषाने भरलेले होते. मला त्यांचा गर्व होता. आता या म्हणावे कुणीही!

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी बसलिंगप्पांनी माणक्याचे खांदे हळद-तुपाने मळले आणि कानाशी म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पण जेवायला घालायचे काय? दावणीत कडब्याची काडी उरली नव्हती. पुरणाच्या दोन पोळ्यांनी बैलाचे पोट भरते थोडेच.

सकाळी मिरवणुकीआधी ते त्याला बांधावर घेऊन आले. मुसके काढून हातात घेतले.

"मामा, तिकडं नगा सोडू," शिवम्मा मागून धावत आली. "पाणी न्हाई जवारीला. किरळ लागंल त्याला, कवळ्या फुटव्याचं इख."

"कीर्तनात काय सांगितलं परवा? ज्याच्या कष्टाचं खातो त्याच्या तोंडाला मुसकं बांधू नये. आवतण दिलंय मी त्याला."

"ते खरं हाय, पर..."

"वर्साचा एक दिस हाय बसवाचा, नंदीचा. शेताच्या मालकालाच हाकलतीस का?" ते हसले. "जिल्हा झाला आता आपला. जरा मन मोठं कर."



माणक्या थेट माझ्याकडे आला. सगळ्या रानात हिरवे दिसत होतो ते मी आणि माझ्यासारखेच पाच-पन्नास. त्याने मान खाली घातली.

थोड्याच वेळात तो धापा टाकू लागला. पाय लटपटले, तोंडाला फेस आला. शिवम्माने गुळाचे पाणी पाजले. भुजंग सायकल हाणीत उदगीरला गुरांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर आले तेव्हा माणक्याचा जीव गेला होता. त्याच्या शिंगांचे बेगड उन्हात चमकत होते, आणि तेवढेच चमकत होते.

डॉक्टर बांधावर बसून म्हणाले, "काका, यात कुणाची दुष्टाई नाही. समुद्रातलं शेवाळसुद्धा असंच करतं. कुणी कुरतडलं की स्वतःला बेचव करून घेतं. ज्याला पळता येत नाही त्याला एवढंच येतं."

बसलिंगप्पांच्या हातात मुसके अजून तसेच होते.

आठ दिवसांनी पाऊस आला. उरल्या बुडातून मी पुन्हा फुटले, वाढले, कणसात दाणे भरले, विषही ओसरले. लोक म्हणाले, "शिवम्मा, कणीस पिकलं बग!" मला मात्र ते कणीस जड झाले होते.

बसलिंगप्पांनी देवळात कीर्तनाला जाणे सोडले. पहिल्या रांगेत बसून टाळ धरणारा माणूस तो.

"जावा की मामा," शिवम्मा म्हणायची. "देव रुसला न्हाई."

"तिथं दारातच नंदी बसलाय, शिवम्मा. त्याच्यासमोरनं कोणत्या तोंडानं जाऊ?"

शिवम्माने एकदाही 'मी सांगितलं होतं' असे म्हटले नाही. सुगीनंतर धसकटे वेचताना तिला माझ्या बुडाशी दातांची खूण दिसली. तिने मला चुलीत न घालता सासऱ्यांच्या हाती दिले. पुढच्या पोळ्याला ते मला घेऊन देवळात गेले. नंदीपुढे ठेवले, आणि कीर्तनाला जमलेल्या पोरांना म्हणाले, "हे माझ्या माणक्याचे दात. आवतण द्यावं, पर काय वाढतोय ते आधी बगावं. सून सांगत होती. मी ऐकलं न्हाई."

तेव्हापासून दर पोळ्याला मी आढ्यावरून खाली येते. दर वेळी ते सारा दोष स्वतःवर घेतात. माझे नावही काढत नाहीत.

पण मित्रांनो, त्याने दात लावला तेव्हा तो ऊन श्वास मी ओळखला होता. ओळखला, तोवर पुड्या फुटल्या होत्या.

म्हणून हात जोडून सांगते. गुडघ्याएवढ्या, तहानलेल्या ज्वारीत भुकेले जनावर सोडू नका. तुम्ही त्याला आवरा. मला स्वतःला आवरता येत नाही.