दुसरी फ्रेम

भालचंद्र पाठकांनी पिशवीतून ग्रुप फोटो काढला, काउंटरच्या काचेवर ठेवला आणि दुसऱ्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर बोट टेकवलं.

"ही एकटी मोठी करून द्या. परवा तेरावा आहे."

देवानंद फोटोवाल्याने फोटो उजेडात धरला. "डोळे मिटलेत, काका."

"सगळ्याच फोटोंत मिटलेत. तुम्ही उघडून द्या. ब्रशने करतात म्हणे."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात विमलचा डोळे उघडे असलेला एक फोटो घरात असेल तर शपथ. फोटोवाला तीन म्हणायच्या आत भालचंद्रराव शेजारून बजावायचे, "डोळे मिटू नकोस हं," आणि ती नेमकी मिटायची. मग घरी येईपर्यंत त्याच्यावरून बोलणी.

देवानंदने फोटो खाली ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं. मूलबाळ नसल्यामुळे बायकोचे दिवस भालचंद्ररावांनी स्वतःच केले होते. मिशा गेल्या होत्या, गुळगुळीत डोक्यावर टोपी आली होती.

"पाठककाका ना? बियाण्याच्या कंपनीतले? म्हंजे विमलताई..." तो थांबला. "थांबा जरा."

तो आत गेला आणि खाकी कागदात बांधलेला एक गठ्ठा घेऊन आला. भालचंद्ररावांचा हात खिशाकडे गेला.

"राहू द्या. ताईंनी तव्हाच दिलेत."

विमलताई. भालचंद्ररावांनी हा शब्द मनात बाजूला काढून ठेवला. गठ्ठ्यावर चिठ्ठी डकवली होती. सौ. विमल भा. पाठक, १२ ऑगस्ट ९४. फोटो दोन, फ्रेम दोन. चाचपलं तर हाताला मात्र एकच फ्रेम लागत होती. दुसरीचं न विचारता ते गठ्ठा काखेत मारून स्टेशनरोडने घरी आले.

सव्वीस वर्षं त्यांनी बियाणं तपासण्यात घालवली होती. पोत्यावर कोणी काहीही लिहून आणो, शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, आठव्या दिवशी कोंब मोजायचे, तोवर कोणावर भरवसा नाही. ही सवय त्यांनी घरीही आणली. दूधवाला, गॅसवाला, विमलच्या माहेरची माणसं, सगळ्यांचे कोंब त्यांनी मोजून पाहिले होते. विमलचेही मोजले असते, पण ती सतत डोळ्यांसमोर असायची. निदान त्यांना तसं वाटायचं.

कागद फाडला आणि ते खुर्चीत बसलेच. फ्रेममध्ये विमल हसत होती. ओठ मिटून नव्हे, चांगली दात दिसेस्तोवर. आणि डोळे उघडे, टपोरे, सरळ समोर.

विमलची थोरली बहीण रमाबाई अंबडहून येऊन राहिली होती. ती हात पुसत बाहेर आली.

"अगं बाई. शाळेत असताना अशीच हसायची ही."

"इथं नव्हती हसत?"

"मला काय विचारता? घर तुमचं." रमाबाईने पदराने काच पुसली, मग तोच पदर डोळ्यांना लावला. "कधी काढला हो हा?"

भालचंद्ररावांनी जुनी डायरी काढली. बारा ऑगस्टला ते कंपनीच्या कामाने हैदराबादला होते. चांगले चार दिवस. म्हणजे ते गावात नसताना बाईसाहेब ठेवणीतलं मोरपंखी लुगडं नेसून स्टुडिओत गेल्या, परक्या पुरुषापुढे एवढं हसल्या, आणि घरी येऊन अवाक्षर काढलं नाही. बरं, एक फोटो स्वतःला. दुसरा कोणाला?

दुपारी रमाबाईचा डोळा लागल्यावर त्यांनी दाणे तपासायचं भिंग काढलं. फ्रेम खिडकीशी नेली आणि विमलच्या डावीकडच्या बुबुळावर भिंग धरलं. तिथे काहीतरी पांढरं दिसत होतं. माणूस असावा. बराच वेळ निरखल्यावर ती स्टुडिओतल्या लाइटची छत्री निघाली. उजव्या डोळ्यातही छत्रीच.

"काय शोधून राहिलात?" रमाबाई दारात उभी होती.

"काच खराब आहे," ते म्हणाले, आणि लाजेने त्यांचे कान तापले. बायकोला जाऊन बारा दिवस झाले नाहीत आणि आपण तिच्या डोळ्यात माणूस शोधतो आहोत, हे त्यांना कळत होतं. पण ती फ्रेम तशीच भिंतीला लावायची, तिला हार घालायचा आणि उरलेलं आयुष्य त्या हसण्यासमोर बसून जेवायचं, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. ते हसणं कोणासाठीचं होतं, एवढं कळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवानंद शटर वर करत होता, तेव्हा ते पायरीवर हजर होते.

"दुसरी कुठाय?"

"काय?"

"चिठ्ठीवर दोन लिहिलंय. मला एकच दिलीत. दुसरी कोणाला दिली?"

देवानंदला आधी हसू फुटलं, मग त्यांचा चेहरा पाहून त्याने ते आवरलं. माळ्यावरून त्याने एक फ्रेम काढली, फुंकर मारून धूळ उडवली. तीच सोनेरी पट्टी, तोच आकार. आत नुसता कोरा पुठ्ठा.

"ही काय. कोनालाच न्हाई दिली. ह्यातला फोटो काढायचा राह्यलाय. तुमचा."

"माझा?"

"ताई म्हनल्या, ह्यांचा एकबी बराबर फोटो न्हाई. मी डोळे मिटले का ते बघायला मान सारखी माझ्याकडं. म्हनल्या, मला दम लागून राह्यलाय, माझा आधी काढा. मी गेल्यावर हे आले की मंग ह्यांचा."

भालचंद्ररावांनी ती कोरी फ्रेम जवळ ओढली. तिला दम लागत होता. हे तिने ह्याला सांगितलं.

"मग हसायचं काय होतं त्यात?"

देवानंद घुटमळला. "रागावू नका. मी म्हनलं, काकांना बोलवा की आत्ताच. तर म्हनल्या, आत्ता न्हाई यायचे ते. मागून येतील. तुमी आधी एकच फ्रेम द्या, ती घेऊन गपचूप जातील. घरी बसून डोकं चालवतील, अन् दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत येऊन डोळे वटारतील, दुसरी कुठाय म्हनून. ते सांगता सांगताच हसायला लागल्या. मी बटन दाबलं."

बाहेर एक रिक्षा फुरफुरत उभी होती, ती निघून गेली. भालचंद्ररावांना रडू आलं, आणि त्यातच हसूही आलं. दोन्ही एकदम आल्याने त्यांना खोकला लागला. देवानंदने पाणी दिलं. ग्लास रिकामा करून ते पडद्यामागच्या स्टुलावर जाऊन बसले.

"टोपी काढू?"

"असू द्या, काका. इकडं बघा."

त्यांनी समोर पाहिलं. देवानंद मोजायला लागला, तशी त्यांची मान हळूहळू डावीकडे वळली. तिकडे नुसती भिंत होती.

"इकडं, काका."

मान समोर आली. दोन म्हणेपर्यंत पुन्हा वळली. तिसऱ्या खेपेला देवानंदने काही न म्हणता बटण दाबलं.

"तिकडंच गेली मान," तो म्हणाला. "परत घेऊ?"

भालचंद्रराव अजून डावीकडेच पाहत होते.

"नको. तिची फ्रेम त्या बाजूला लावीन."