चिमणीसाठी थांबलेला पंखा

मित्रांनो, गार वारा देणाऱ्या पंख्याचे सगळे गोडवे गातात. आतली घाण हवा बाहेर फेकणाऱ्याकडे मात्र कुणी मान वर करूनही बघत नाही. मी त्या दुसऱ्या जातीचा आहे. महाडमधल्या एका लहानशा हाडांच्या दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीत, छताखालच्या भोकात बसवलेला मी एक जुना एक्झॉस्ट फॅन.

माझी पाती पोलादी, आवाज घरघरता. नवा होतो तेव्हा डॉक्टर राजेंद्र म्हणायचे, "हा आहे म्हणून या खोलीत श्वास घेता येतो." हे ऐकून मी आणखी जोरात फिरायचो.

खोलीचा कर्ताधर्ता कापडे गावचा मोरू. जाळीदार पट्ट्यांवर प्लास्टरची भुकटी हाताने चोळायची, त्यांच्या गुंडाळ्या करायच्या आणि हाड जुळलं की करवतीने प्लास्टर कापायचं, हे त्याचं काम. दोन्ही कामांत पांढरी धूळ उडते. मी ती ओढायचो आणि बाहेर टाकायचो. मोरूचा हात हलका. पाय मोडलेली माणसंही त्याच्याशी गप्पा मारत हसायची. शिवाय गावच्या खालूबाजात, म्हणजे ढोल-सनईच्या ताफ्यात, सनई त्याचीच. शिमग्याला देवीची पालखी नाचायची ती त्याच्या दमावर.

एकदा चैत्रात माझी वायर जळाली. मी बंद पडलो, आणि तेवढ्यात एका चिमणीने माझ्या पात्यांमागे काड्या आणून संसार थाटला. दुरुस्तीवाला आला, त्याने वायर जोडली, पण मोरूने बटणावर चिकटपट्टीच लावली.

"अंडी घातलीत तिनं. पंखा लावलास तर पाप लागंल. पिल्लं उडू दे, मंग बघू."

मला बरं वाटलं, खोटं का बोलू? लोखंडाच्या अंगावर कुणी घरटं बांधतं का कधी!

पण धूळ आतच राहू लागली. टेबलावर, खिडकीत, मोरूच्या भुवयांवर. काही दिवसांतच चिमणी अंडी सोडून बाहेरच्या आंब्यावर जाऊन बसली, ती परत आलीच नाही. मोरूला आंब्यावरची चिवचिव घरट्यातलीच वाटायची आणि तो समाधानाने म्हणायचा, "सुखात हाय बिचारी." तिने घरटं सोडलंय हे मला ठाऊक होतं, पण बंद पंखा बोलणार कसा?

पावसाळा गेला, पण वर चढून कुणी बघितलं नाही आणि चिकटपट्टी तशीच राहिली. मोरूला खोकला लागला. नर्स सेजल रोज बजावायची, "मोरूकाका, मास्क नाकावर घ्या. हनुवटीला कसला आजार झालाय?"

"मळणीची धूळ खाऊन वाढलो मी. ही तर पावडर हाय, गो. बायका तोंडाला लावतात."

"मळणी मोकळ्या खळ्यावर असते, काका. ही चार भिंतींची खोली आहे."

तो हसण्यावारी नेई. पण माघात, दुपारी खोली रिकामी असताना, त्याने सरावासाठी सनई तोंडाला लावली. पहिली फुंक नीट गेली, दुसरीला दम तुटला. त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि खोकत खोकत स्टुलावर बसला. शिमगा तोंडावर आला होता. त्याचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

दारात सेजल उभी होती. "आता पंखा लावा, काका."

"आणि घरटं?"

"वर चढून बघा तरी. पिल्लं असतील तर मी परत नाव काढणार नाही."

मोरू स्टुलावर चढला. त्याने हात घातला आणि घरटं अलगद बाहेर काढलं. ते काड्यांचं उरलंच नव्हतं. भुकटी थरावर थर साचलेली, पावसाळी ओल लागून दगडासारखी घट्ट झालेली. मधोमध दोन अंडी, प्लास्टरमध्ये रुतलेली.

त्याने अंड्यांवरून बोट फिरवलं. मग त्याचा एक हात आपोआप छातीवर गेला.

"सेजल, मंग माझ्या आत काय झालं असंल गो?"

सेजलने स्वतःच्या हाताने चिकटपट्टी ओढून काढली आणि बटण दाबलं. मी गंजलेला होतो, कण्हतच फिरलो, पण फिरलो.

डॉक्टर राजेंद्रांनी मोरूची छाती तपासली. फुप्फुसं थोडी अधू झाली आहेत, गेलेलं सगळं परत येणार नाही, पण आता जपलं तर पुढचं वाचेल, असं ते स्पष्ट बोलले. आता तयार गुंडाळ्या विकत येतात. फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसतात. मोरूचा मास्क नाकावर असतो. शिमग्याला त्याने पालखी देवळातून उठेपर्यंत सनई वाजवली आणि पुढे पुतण्याच्या, हृतिकच्या हाती दिली. हे त्यानेच सेजलला सांगितलं. सांगताना हसत होता, पण डोळे पुसत होता.

मित्रांनो, माणसं आजाऱ्याची काळजी घेतात, चिमणीचीही घेतात, मग स्वतःच्याच श्वासाशी एवढी हयगय का? तुमच्या कामाच्या जागी माझ्यासारखा एखादा घरघरता म्हातारा असेल, तर त्याला बंद ठेवू नका. त्या चिमणीला धूळ सोसवली नाही आणि ती उडून गेली. मोरूला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच खोलीत यायचं होतं.