पाठीवरची झोप

"आई, ठरलंय ना आपलं?" घरातून निघताना तोयबाने पुन्हा विचारलं. "सुमेया तुझ्या पाठीवर राहिली तर मी शनिवारी जाते. नाही राहिली तर नाही जात. दलालाला सांगते, दुसरी कुणीतरी बघ."

"ठरलंय म्हणजे ठरलंय," मी म्हटलं. "आता दार लाव, कोंबड्या आत शिरतील."

तोयबा माझी धाकटी मुलगी. सुमेया तिची लेक, आठ महिन्यांची. तोयबा दोन वर्षांसाठी रियाधला घरकामाला जायची होती आणि पोर माझ्याकडे राहणार होती. तशी ती माझ्याकडे हसत येते, मांडीवर बसून माझी जपमाळ चोखते. पण पाठीवर घेतली की आकाशपाताळ एक करते. आता मूल पाठीवर बसत नसेल तर मी पाणी कसं आणू, शेण कसं गोळा करू, इंजेऱ्याची भाकरी भाजताना तिला चुलीत ठेवू का? तोयबाची चामड्याची झोळी, आम्ही तिला अंकल्बा म्हणतो, तिच्या रुंद पाठीच्या मापाची. माझ्या वाकलेल्या पाठीवर बांधली की सुमेया घसरत घसरत कमरेवर येते आणि बोंब ठोकते. म्हणून माझ्या पाठीला सोसेल आणि तिला मानवेल अशी नवी झोळी घ्यायला आम्ही बाजाराला निघालो होतो.

खरं सांगते, मला तोयबा जायला नकोच होती. आमच्या गल्लीतल्या तीन पोरी तिकडे गेल्या. एकीने घराला पत्रे घातले, एक आजारी होऊन परत आली, तिसरीचा फोनच लागत नाही. पण 'जाऊ नको' म्हणायला मला तोंड कुठे होतं? तिचा नवरा समुद्रापलीकडे कामाला म्हणून गेला, त्याला वर्ष होऊन गेलं, निरोप नाही. आमचं वावर अर्ध्या वर्षापुरतं पिकतं. उरलेलं अर्धं वर्ष काय खायचं हे जिला सांगता येत नाही तिने मुलीला कोणत्या तोंडाने थांबवायचं? तेव्हा माझी सगळी भिस्त सुमेयाच्या रडण्यावर होती.

मी थोडी लबाडीही केली. मऊ ओढणी घरी ठेवली आणि अंगाला टोचणारं जाडंभरडं घोंगडं पांघरलं. आणि ठरवलं, आज आहे त्याच्या दुप्पट वाकून चालायचं. असल्या पाठीवर कोण पोर टिकतंय!

बजाज रिक्षात तोयबा पोरीशी सारखी खेळत होती. तिच्या डोळ्यांवर झापड आली की ही तिच्या तळव्याला गुदगुल्या करी, गाल ओढी, बाहेरचं गाढव दाखवी.

"अगं, झोपू दे की तिला," मी म्हटलं. "सकाळपासून डोळा लागला नाहीये तिचा."

"बाजार बघू दे ना तिला," तोयबा म्हणाली. मला वाटलं, दोनच दिवस हातात उरलेत, खेळतेय बिचारी. मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

झोळ्यांचं दुकान अस्नाकूचं. बाई माझ्याच वयाची, पण जीभ अजून तरणीताठी.

"कुणाच्या पाठीसाठी?" तिने विचारलं.

"माझ्या," मी म्हटलं आणि आणखी थोडी वाकले.

"ही पाठ आहे का घाट?" अस्नाकू म्हणाली. "बसा मावशी. घाटालाही वाट काढू."

तिने आधी कातड्याची काढली, जुन्या पद्धतीची, काठाला कवड्या लावलेली. मला बांधली, सुमेयाला आत बसवलं. पोरीने असा टाहो फोडला की शेजारचा मिरच्या विकणारा उठून उभा राहिला. माझ्या जिवात जीव आला. वरून मात्र मी तोंड पाडून म्हटलं, "नाही बाई राहत."

"कातडं कडक आहे," तोयबा लगेच म्हणाली. "आणि वास केवढा येतोय!"

"कातड्याला कातड्याचाच वास येणार, कॉफीचा कसा येईल?" असं म्हणत अस्नाकूने दुसरी काढली. जाड कापडाची, आत स्पंज, खटक्यांचे पट्टे. परदेशातून येते तसली. तिचे पट्टे माझ्या बरगड्यांत रुतले. सुमेया रडली नाही, नुसती मुसमुसली.

"हिचे पाय लोंबकळतायत," तोयबा म्हणाली. "मांडीला वळ उठेल."

"वळ मलाच उठलेत," मी म्हटलं. "काढा, काढा."

तिसरीचा रंग तोयबाला पसंत पडला नाही. चौथीची शिवण कच्ची निघाली. तोयबा एवढी चोखंदळ कधीपासून झाली ते मला कळेना. तिने लग्नाचे कपडेसुद्धा पहिल्या दुकानात, पहिल्या गठ्ठ्यातून उचलले होते.

अस्नाकूने कमरेवर हात ठेवले. "काय गं पोरी, तुला झोळी घ्यायची आहे का नाही? पोर न्यायचंय का उंट लादायचाय? दिवसभर बघते मी, आई म्हणते टोचतंय, मुलगी म्हणते लोंबतंय. तुम्ही दोघी मिळून मला छळायला आलात का?"

तोयबाने मान खाली घातली. मीही दुसरीकडे बघितलं.

अस्नाकू आत गेली आणि शेवटची घेऊन आली. मेंढीचं कातडं, कमावून कमावून मऊ झालेलं, लोकर आतल्या बाजूला. पट्टे लांब. तिने ती माझ्या घोंगड्यावरूनच टाकली, पट्टे छातीवर ओलांडून कमरेला घट्ट आवळले आणि सुमेयाला वरून हळूच आत सोडलं.

मी जेवढं वाकता येईल तेवढं वाकले. अगदी जमीन दिसेपर्यंत. आता घसरेल, आता ओरडेल.

सुमेया ओरडली नाही. मी वाकल्यामुळे माझी पाठ तिच्याखाली आडवी झाली होती, अंथरुणासारखी. तिने एकदा हुंदका दिला, गाल माझ्या पाठीवर टेकला आणि अंग सैल सोडलं. थोड्या वेळाने तिच्या लाळेचा ओलावा घोंगड्यातून मला लागला.

"बघा!" अस्नाकूने टाळी वाजवायला हात उचलला आणि तोंडावर ठेवला. "झोपली की गं! कशी गाढ झोपली! किती दिवसांची जागी होती पोर?"

"आज सकाळपासून," तोयबा म्हणाली. "मीच झोपू दिलं नाही. मला वाटलं, चिडचिडी झाली की रडेल."

रिक्षातल्या गुदगुल्या, ते गाढव, कच्ची शिवण, सगळं एकदम कळलं. तिलाही जायचं नव्हतं. तिलाही ते म्हणता येत नव्हतं. तिने पोरीची झोप मोडली, मी पाठ मोडली, आणि दोघींनी मिळून तिला निजवलं.

शेवटचा उपाय म्हणून मी भाव पाडला. अस्नाकूने सांगितलेल्या किमतीच्या पावपटही म्हटलं नाही. असा भाव ऐकून कुठलीही शहाणी बाई झोळी हिसकावून घेईल आणि आम्हाला हाकलून देईल. अस्नाकू माझ्याकडे बघत राहिली, मग पोरीकडे.

"न्या मावशी," ती म्हणाली. "ह्या झोपेकडे बघून देते. नाहीतर सोडून घेताना उठायची बिचारी."

म्हणजे देवानेही आमची बाजू सोडली. मी पैसे दिले. सुमेयाचं पाऊल झोळीबाहेर लोंबत होतं, ते माझ्या हाताला लागलं. एकच चिमटा. एवढंच करायचं होतं. मी हात मागे नेला तर त्या पावलावर तोयबाची बोटं आधीच होती.

तिने चिमटा घेतला. पोरीचं अंग दचकलेलं मला माझ्या पाठीवर कळलं. सुमेया कुरकुरली, पाऊल आत ओढून घेतलं, नाक माझ्या मानेत खुपसलं आणि पुन्हा झोपली.

तोयबा समोर आली. माझ्या छातीवरचा पट्टा थोडा सैल झाला होता. तो तिने दोन्ही हातांनी ओढला आणि पक्की गाठ मारली.

"टोचत नाही ना आई?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "छान बसलीय."