शनिवारची किल्ली

मी शंकापेटी बोलतेय. भोकरदनच्या एका कॉलेजात, स्टाफरूमसमोरच्या भिंतीवर माझा मुक्काम. मूळची मी रसायनशास्त्राच्या जुन्या तराजूची पेटी. तराजू भंगारात गेला आणि मला वरून फट पाडून इथे ठोकलं.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला खेड्यापाड्यांतून मुलं येतात. शिकवणं एकदम इंग्रजीत, प्रयोगशाळेची सवय नाही. दिवाळीपर्यंत बरीच गळतात. त्यांच्यासाठी शीतल मॅडमनी रोज साडेचारला, मागचं राहिलेलं भरून काढायला, सेतू वर्ग सुरू केला. तोंडाने विचारायची लाज वाटली तर चिठ्ठी टाका, दर शनिवारी पेटी उघडीन, असंही सांगितलं. काय भाव खाल्ला होता मी त्या दिवशी!

पहिल्या शनिवारी मी रिकामी. दुसऱ्याही. मुलं जवळ यायची, पण समोर स्टाफरूमचं दार. नोटीस वाचल्यासारखं करून निघून जायची. वर्गातही भोकरदनमधलीच चार-पाच पोरं बसायची. मॅडमना वाटलं, मुलांना गरजच नाही. त्यांनी किल्ली शिपाई रामरावांकडे दिली आणि रामरावांनी ती खिळ्याला अडकवली.

नेमकी त्यानंतर केदारखेड्याची दैवशाला आली. इकडेतिकडे बघून तिने चिठ्ठी टाकली. पोटात आलेलं मला कळतंच. ‘मॅडम, बारावीत आम्ही प्रयोगाची साधी काचनळी, ब्युरेट, हातातही धरली नाही. मला माती तपासायचं काम शिकायचंय. वर्गाला थांबायचंय, पण पावणेपाचला आमच्या गावाची शेवटची गाडी आहे. वर्ग सकाळी घ्याल का?’

पुढचे तीन-चार शनिवार ती माझ्यापाशी घुटमळली. फटीतून आपली चिठ्ठी तशीच पडलेली बघून यायची थांबली. मॅडम रोज माझ्यासमोरून जात होत्या. मला हाक मारता आली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. दैवशालाचे तीन विषय गेले. तिच्यासारख्या आणखी कितीतरी. मॅडमना मग माझी आठवण झाली. ती एकच चिठ्ठी त्यांनी उभ्यानेच दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं : सेतू वर्ग, सकाळी साडेदहा. वर्ग भरून गेला.

त्याच आठवड्यात दैवशाला कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आली. फलकापुढे बराच वेळ उभी राहिली.

“मामा, आता येळ बराबर झाली बघा,” ती रामरावांना म्हणाली.

“मंग थांब की, बाई.”

“न्हाई मामा. घरी बिलकुल ऐकून न्हाई राह्यले. पुढच्या साली बीएला नाव टाकायचं ठरलंय.”

दाखल्याची घडी तिने चिठ्ठीसारखीच बारीक केली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली.

आता मला जिन्याखाली, आडोशाला लावलंय. मॅडम शनिवार चुकवत नाहीत. पण मॅडम कधीतरी बदलून जातील, त्यांच्या जागी नवं कोणी येईल. त्यांना माझं एवढंच सांगणं : दोनदा रिकामी निघाले, तरी तिसऱ्या शनिवारी मला उघडा.