स्तोयनाचा श्वास

या, जरा जवळ सरका, सोफिया शहरातल्या रेडिओ केंद्राची गोष्ट सांगतो.

एकेकाळी तिथल्या बायकांच्या गायकवृंदात गाणाऱ्या नेदाआजी जुन्या ध्वनिफिती ऐकायला आल्या होत्या. वृंदातली वारलेली मैत्रीण स्तोयना एकदा कानी पडावी, एवढीच आस. पण वाद्यवृंदासोबत सगळ्या बायका जणू एकाच गळ्याने गात होत्या. कुणाचाही आवाज वेगळा उठू नये, हीच तिथली शिस्त. आजी हिरमुसल्या.

इतक्यात सुरांमध्ये मोठा श्वास ऐकू आला.

“हा दोष पुसतो, आजी,” फिती साफ करणारा किरो म्हणाला.

“हात लावून तर बघ. आम्ही आळीपाळीने, गुपचूप श्वास घ्यायचो, आणि ही बया म्हशीसारखी फुसफुसायची. देवदूतांनाही आता वैताग आणला असेल तिनं.”

“मग काय करू?”

“पुन्हा लाव.”

मंडळी, देवापुढे गायला उभे राहाल तेव्हा स्तोयनाची आठवण ठेवा, आणि आपला श्वास लपवू नका.