दर्याकडची पाणंद

तिरफळाचा वास हाताला एकदा लागला की साबणाला दाद देत नाही. वयनींच्या बोटांत तो आयुष्यभर मुरला होता. नगरपालिकेच्या सभागृहात, जुन्या पंख्यांच्या जड वाऱ्याखाली त्या हात जोडून उभ्या राहिल्या की ओल्या नारळाचा आणि तिरफळाचा तो तिखट, हिरवट गंध आधी पुढे सरकायचा, आणि मागून त्यांचा आवाज यायचा. घरी मालवणीत मोकळा धावणारा तो आवाज तिथे मात्र घडी मोडू नये म्हणून जपून नेसलेल्या इस्त्रीच्या लुगड्यासारखा होई. ‘मला’, ‘तुम्हाला’, ‘कुठे’ हे शब्द त्या एकेक करून, जिन्याची पायरी चाचपावी तसे उच्चारायच्या. पुढे बसलेले काही नगरसेवक हसू दाबायचे. त्यांतल्या निम्म्यांनी तासाभरापूर्वी त्यांच्याच हातची माशाची कढी ओरपलेली असायची.

मालवणच्या किनाऱ्याला लागून असलेल्या आमच्या वाडीत वयनींची खानावळ होती. चार बाकं, पत्र्याची पडवी, आणि आत धुराने काळवंडलेली एक प्रसन्न चूल. मी घाटावरचा, इथल्या हायस्कुलात शिकवायला आलो, शेजारी खोली घेतली आणि दोन्ही वेळ त्यांच्याकडे जेवू लागलो. बदली कधी झाली नाही, लग्नही राहून गेलं, आणि निवृत्तीनंतरही परत जावंसं वाटलं नाही. वयनी सासूकडून मिळालेली खानावळ एकटीच चालवत होत्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. सगळी वाडी त्यांना वयनी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. दुपारची पंगत उठली की त्या दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसत आणि दोन्ही तळवे मांडीवर उताणे टाकत, घासलेली भांडी उन्हात पालथी-उताणी वाळत ठेवावीत तसे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर वैशाखातल्या समुद्रासारखं काही उतरायचं: अफाट, चकाकतं, आणि अतिशय थकलेलं.

खानावळीच्या कडेने एक पाणंद दर्याकडे जात होती. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वर माडांची सावली, पायाखाली शंखशिंपल्यांचा चुरा. रापण ओढणारी माणसं याच वाटेने आपलं मोठं जाळं वाडीतल्या मांगरातून, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपटातून, किनाऱ्यावर नेत, आणि बायका याच वाटेने मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन परत येत. त्यांच्या पावलांची पाणी ठिबकणारी ओळ वयनींच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबे, दोन बांगडे नाहीतर मूठभर तारल्या ठेवी, आणि बाजाराकडे वळे. या वाटेची मालकी कुणी कधी विचारली नव्हती. श्वास कुणाच्या मालकीचा, असं कोण विचारतं?

मग दोन्ही बाजूंच्या बागा विकल्या गेल्या आणि तिथे एक मोठं हॉटेल उभं राहिलं. आधी वाटेच्या तोंडाशी कुंड्या आल्या, मग पाटी आली, मग लोखंडी गेट. पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी, असं सांगण्यात आलं. गेट सुरुवातीला उघडंच असे. पुढे संध्याकाळी लागू लागलं, आणि मग हॉटेलवाल्यांच्या मर्जीने केव्हाही.

वयनींना पुढारीपणाची हौस नव्हती. मी एकदा विचारलं, तुम्हीच का? त्या विळीवर नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भांडण माझा नाय, मास्तरानूं. पण वाट माझ्या दारातसून जाता.”

एवढंच त्यांचं राजकारण. त्यासाठी त्यांनी अर्ज दिले, तहसील गाठली, रापणकरांना आणि मासे विकणाऱ्या बायकांना गोळा करून नगरपालिकेच्या पायऱ्यांवर धरणं धरलं. धरणं दुपारी सुटायचं, कारण खानावळीत माणसं खोळंबलेली असायची. आणि त्या माणसांत खुद्द नगराध्यक्षही असत. ते लहानपणापासून वयनींकडे जेवत आलेले. सकाळी ज्यांच्या नावाने घोषणा दिल्या, त्यांना दुपारी वयनी आग्रहाने भात वाढत. मला ते खपत नसे. “पानार बसलेल्या माणसाशी भांडाचा नसता,” त्या म्हणत. आणि अध्यक्ष बोटं चाटत म्हणत, “वयनी, तुमच्या वाटेचा बघतंय हां मी. थोडा थांबा.” वयनी थांबत. पुन्हा जात. पुन्हा थांबत. ऋतू येत होते, माड वाढत होते, गेटाला गंज चढून वर नवा रंग लागत होता.

निवडणूक आली तेव्हा वाडीने त्यांना उभं राहायला लावलं. त्यांनी नको नको म्हटलं, पण रापणीचा तांडेल बाबी, जाळं कुठे आणि केव्हा टाकायचं हे ज्याच्या शब्दावर ठरे तो म्हातारा, दारात येऊन बसला आणि म्हणाला, “तू नाय तर कोण गो वयनी?” त्या उभ्या राहिल्या. प्रचार म्हणजे काय, तर दारोदार जाऊन पाणी पिणं आणि घरच्यांची विचारपूस करणं. मते मागताना त्या इतक्या संकोचायच्या की माणसंच म्हणायची, “कळला वयनी, कळला.”

त्या पडल्या. परक्या गल्ल्यांनी नव्हे, आपल्या वाडीनेच त्यांना पाडलं. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात हॉटेलवाल्यांनी घरोघर निरोप पाठवले होते: कुणाच्या मुलीला स्वयंपाकघरात काम, कुणाच्या होडीला पर्यटक फिरवायचं कंत्राट.

दुसऱ्या दिवशीही चूल पेटली. जेवायला आलेली माणसं पानाकडे पाहून जेवत होती.  पंगत उठत आली तेव्हा बाबी तांडेल आला. बाहेरच उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

“वयनी,” तो म्हणाला, “मी मत तुका घालूक नाय. माझ्या सुरेशाक थंय नोकरी लागली. वॉचमनची.”

मी वयनींकडे पाहिलं. त्यांच्या हातातला भाताचा डाव क्षणभर हवेत थांबला.

“ठावक आसा माका,” त्या म्हणाल्या. “हात धुवन ये. भात निवता.”

बाबी जेवला. जेवताना त्याची मान एकदाही वर झाली नाही.

त्या वर्षीच्या कार्तिकातली ती सकाळ मला कालच्यासारखी आठवते. पूर्वेला नुकतं फटफटलं होतं. किनाऱ्याजवळच्या पाण्यावर पाखरांचा कल्लोळ उसळला आणि बाबीची हाक वाडीभर घुमली. बांगड्यांचा थवा आला होता, अगदी हाताशी, पाण्याला काळसर लहर चढवीत. कित्येक दिवस जाळी रिकामी येत होती. ही सकाळ म्हणजे उरलेल्या हंगामाचा जीव होता. माणसं मांगरातून जाळं खांद्यावर घेऊन पाणंदीत धावली, आणि गेटाशी येऊन थडकली. गेट बंद होतं. पलीकडे निळ्या गणवेशात सुरेश उभा होता. बापाचाच बांधा, बापाचेच डोळे, आणि कमरेला चाव्यांचा जुडगा.

“उघड रे,” बाबी म्हणाला.

“बाबा, माका उघडूक गावाचा नाय. मालकाक फोन लावलंय. तो उचलणा नाय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “मोड ता कुलूप!” एका तरुणाने गडग्यातला दगड उपसलाही. खाडीच्या तोंडाने वळसा घालून किनारा गाठता आला असता, पण तोवर थवा थांबणार नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं. गेटाच्या सळयांतून पलीकडचं पाणी दिसत होतं, पाखरं दिसत होती, आणि पहाटेचा तो मोतिया उजेड हळूहळू पांढरा पडत चालला होता.

वयनी चुलीवरून तशाच आल्या होत्या. त्या गर्दीतून पुढे झाल्या आणि गेटाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. दगडवाल्याला म्हणाल्या, “दगड खाली टाक. कुलूप मोडलंस तर हेची नोकरी जातली, आणि पोलीस तुकाच नेतले.”

“मगे काय करूचा? बघीत ऱ्हवाचा?”

 त्या फक्त उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे सळयांना धरून सुरेश उभा, पुढे त्याचा बाप, आणि मधे लेकाच्या भाकरीचं रक्षण करणारी ती बुटकी, घामेजलेली बाई. मला वाटतं, त्या घटकेत वयनींना आपली सगळी हार एकदम दिसली असावी. वाट मोकळी करायला निघालेली स्त्री त्या सकाळी स्वतःच वाट अडवून उभी होती. पाखरं दूर सरकली. पाण्यावरची काळी लहर विरत विरत क्षितिजाच्या निळाईत मिसळून गेली. बाबी आपल्या जाळ्याच्या ढिगावर बसला. बाप आणि लेक एकमेकांकडे पाहत नव्हते.

त्यानंतर वाडीत एक वाक्य फिरू लागलं: वयनीन अडवल्यान. दगड पडला असता तर गेट त्याच दिवशी उघडलं असतं, असं माणसं म्हणत. वयनींच्या पडवीत, वयनींच्या पानावर बसूनही म्हणत. त्या ऐकत आणि कढी वाढत. फक्त दुपारचं चौकटीला टेकून बसणं लांबत गेलं. कधी कधी तिन्हीसांजेपर्यंत त्यांची पाठ चौकटीपासून सुटत नसे.

पण त्या सकाळची बातमी बाहेर गेली होती, आणि अखेर वरून कुठूनसा हुकूम आला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गेट उघडं राहील, असं ठरलं. अध्यक्षांनी नारळ फोडला. ‘जनतेच्या लढ्याचा विजय’ असं ते माइकवरून म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. समारंभाला वयनी नव्हत्या. पाहुण्यांच्या जेवणाची ऑर्डर त्यांच्याच खानावळीला होती. त्या आत सुरमई तळत होत्या. मी सांगायला गेलो, “वयनी, गेट उघडलं.” त्यांनी तुकडी उलटली. तेल चुरचुरलं. “आणि मासो फाटफटीक इलो तर?” त्या म्हणाल्या. “मासो सूर्य बघून येता काय, मास्तरानूं?”

शिमगा सरला आणि एके दिवशी खानावळ उघडली नाही. मोठी पातेली वयनींनी शेजारी वाटून टाकली, चुलीवर पालथी परात ठेवली आणि खारेपाटणकडच्या एका गावात, भावाच्या घरी जायला निघाल्या. एसटी स्टँडवर पिशवी घेऊन मीच गेलो होतो. वाडीतलं दुसरं कुणी आलं नाही. माणसं निर्दय नव्हती. लाजेला पाय नसतात, एवढंच.

मागच्या पावसाळ्यानंतर हॉटेलने नवं काम काढलं. किनाऱ्याच्या अंगाने, रापण ओढायच्या जागेवरच भिंत घालायची म्हणून खुणेचे दगड रोवले. तेव्हा वाडीला वयनी आठवल्या. बाबी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मास्तरानूं, तुमचा ती ऐकतली. तिका बोलवन हाडा.”

मी गेलो. भातकापणी झाली होती. मळ्यांतून वाळल्या पेंढ्यांचा गोडसर वास येत होता, आणि काजूच्या बागांतून उतरणाऱ्या उन्हाला कसलीच घाई नव्हती. वयनी अंगणात नाचणी पाखडत होत्या. वाळल्या होत्या, पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. मी सगळं सांगितलं: भिंत, दगड, बाबीचा निरोप. त्यांनी ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं. 

“हंय दर्याचो आवाज येणा नाय,” त्या म्हणाल्या. “सुरवातीक झोप लागणा नाय होती. आता लागता.”

मी म्हणालो, “वयनी, ते तुमची वाट बघतायत.”

त्या हसल्या. इतकं दमलेलं, इतकं निर्वैर हसू मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

“तेंका सांगा, माझी वाट बघू नकात. दर्याची वाट तेंची आसा. ती बघा म्हणान सांगा.”

जेवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही.

परत येऊन मी वयनींचे शब्द जसेच्या तसे बाबीला सांगितले. ओसरीवर पाचसहा माणसं बसली होती.  सुरेश कामावरून सुटून आलेला, गणवेशातच, दाराशी उभा होता. त्यानेच विचारलं, “नगरपालिकेची सभा कधी आसा?” बाबीने लेकाकडे पाहिलं, आणि थोडं सरकून त्याला बसायला जागा केली.

सभेला आम्ही गेलो. बोलायचं मला होतं. पंखे तसेच जड फिरत होते, अध्यक्षांनी ‘बघतो’ म्हटलं, आणि आम्ही पुन्हा यायचं म्हणून निघालो. आता आम्ही जातोच. भिंतीचे दगड अजून तिथेच आहेत. भिंत अजून झालेली नाही. मेलेल्या माणसाची आठवण काढून डोळे पुसता येतात. पण जे माणूस थकून, जिवंतपणीच आपल्यातून उठून गेलं, त्याची आठवण काढून भागत नाही. काळ अशा माणसाची जागा रिकामी ठेवत नाही. तो तिथे आपल्यालाच नेऊन उभं करतो, आणि आपण उभे राहतो, त्या माणसाहून कितीतरी लहान, आणि तितकेच थकलेले.