माजघर कोणाचं

उलव्याच्या मागे शेतात आमचं कौलारू घर आहे. दिवाळीपासून बंद होतं. शिमगा झाला तसं मी ठरवलं, पाडव्याला तिथं राहायला जायचं, ते कायमचं. सानपाड्याला निखिलच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, फ्लॅटमध्ये मी हॉलमध्ये झोपते. सगळ्यांचा टीव्ही बघून होईपर्यंत डोळे मिटायची सोय नाही. नवऱ्यामागे हक्काचं म्हणून एवढंच एक छप्पर मला उरलं होतं.

मी पोचले तर धाकटी जाऊ उज्वला आधीच हजर. कुलपात तेल सोडत बसलेली. दीर रिटायर झाल्यावर त्या दोघांनाही म्हणे इथंच राहायचं होतं. सासऱ्यांच्या दहाव्यापासून आमच्यात धड बोलणं नव्हतं.

"पुढची पडवी आमची," कुलूप निघताच ती म्हणाली. "तुमी मागची चूल घ्या."

"आनि मधलं माजघर?"

"ते बघू."

"बघूच," मी म्हटलं.

सकाळभर नुसती आदळआपट. मी झाडलेल्या जागेत तिनं मुद्दाम तिचा केर लोटला. तिच्या घासलेल्या हंड्यांवर मी गोधड्या झटकल्या. डोक्यावरून विमान गेलं की तेवढ्यात मोठ्यानं शिव्या देऊन घ्यायच्या, एवढीच काय ती मर्यादा.

मग सारवण. शेणाच्या बादल्यासुद्धा वेगवेगळ्या. सारवायचं ते आतून दाराकडे, मागे मागे सरकत. शेवटी आपण उंबऱ्याबाहेर. हे लहान पोरीलाही कळतं. पण आतून सुरुवात म्हणजे माजघरातून मागे हटत जायचं. आधी हटणार कोण? ती पुढच्या दारातून सारवत आत सुटली, मी मागच्या. जिचा हात माजघरात जास्त पोचेल तिचं माजघर. दोघींनीही मान वर केली नाही.

केली तेव्हा माजघराच्या मधोमध गोणपाटाएवढी कोरडी जागा उरली होती आणि तीत आम्ही दोघी, गुडघ्याला गुडघा लावून. चारी बाजूंनी ओलं.

"जा की," मी म्हटलं.

"तुमी जा. मी माजं सारवन मोडनार नाय."

बसलो. मला तिची इतकी चीड आली होती की तिचा श्वाससुद्धा सहन होत नव्हता.

"निखिलला जड झाल्यात, म्हनून हितं आल्यात," ती भिंतीकडे बघत बोलली. खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

"तुजा नवरा तुला कधी काय इचारतो का?" मीही ठेवून दिलं.

तेवढ्यात पुढच्या दारात चंद्रशेखर आला, उज्वलाचा नवरा. मागे पांढऱ्या बुटांचा एक माणूस.

"थांबा, ओलं हाय!" दोघी एकदम ओरडलो.

"असू दे, वहिनी." दोघेही बुटांसकट तिच्या सारवणावरून आत आले. "हे बिल्डर. जागा बघून घेतील. पुढच्या महिन्यात पाडायचंच हाय सगळं, सारवताय कशाला?"

उज्वलाचं तोंड बघण्यासारखं झालं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"आनि माजा वाटा?" मी विचारलं.

"निखिल हो म्हनाला. बोलला नाय तुमाला?"

बरं वाटणं तिथंच जिरलं. रोज रात्री माझ्या अंथरुणाला वळसा घालून पाणी प्यायला जातो माझा पोरगा, आणि एवढं सांगायला त्याला सवड मिळाली नाही. मला रडू आलं, तेही रागाचं.

उज्वला उठली आणि ओल्यातूनच नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"याला घेऊन जा. मी हितंच ऱ्हानार. पाडायचं तर माज्यासकट पाडा."

"वेड लागलं काय? वहिनी, तुमी तरी समजवा हिला."

"मी बी हितंच ऱ्हानार," मी म्हटलं.

बडबडत दोघे गेले. उज्वलानं आतून कडी घातली आणि माझ्याकडे वळली.

"माज्या पडवीत पाय टाकायचा नाय."

"तू माज्या चुलीला हात लावायचा नाय."

"मग मी जेवायचं काय?"

"मी वाढीन ते."